नोटा धुणं, इस्त्री करणं आणि सपाट करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नोटा जमवणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येत असतात. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एखादी मळकी नोट असते आणि शेजारी इस्त्री तापत असते. उत्तर वाचून होईपर्यंत नोटेला काहीही करू नका, एवढी विनंती. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे एक जुनी, मळलेली, घड्या पडलेली नोट आहे. धुऊन इस्त्री केली तर तिची किंमत वाढेल ना?

वाढणार नाही, उलट उतरेल. छापखान्यातून बाहेर पडताना नोटेचा कागद जसा होता, त्याच्या ती आज किती जवळ आहे, हे संग्राहक पाहतो. मळ आणि घड्या म्हणजे नोट लोकांच्या हातांतून फिरल्याच्या खुणा. बाजार त्या खुणा धरूनच तिचा दर्जा आणि भाव ठरवतो. धुतलेल्या नोटेचं दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. घडी पुरती जात नाही आणि कागदाचा मूळ करकरीतपणा मात्र जातो.

इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी ही संग्राहकांची संस्था १९६१ पासून काम करते. तिच्या दर्जाच्या निकषांतही हेच सांगितलं आहे : साफ करणं, धुणं, दाबणं यांनी नोटेचं सहसा नुकसानच होतं, दर्जा आणि किंमत दोन्ही घसरतात. एक्स्ट्रीमली फाइन दर्जाच्या, म्हणजे फारच थोड्या वापरलेल्या नोटेवर असे प्रयोग केले तर ती किमान एक पूर्ण दर्जा खाली येते, असंही त्यात आहे. याला थोडे अपवाद आहेत. त्यांसाठी प्रश्न ९, १० आणि १५ पाहा.

२. शेवटी कागदच तर आहे. पाण्याने किंवा उष्णतेने त्यात असं काय बिघडतं?

नोटेचा कागद वहीच्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो. बहुतेक देशांच्या नोटांसाठी कापसाचे तंतू वापरतात. अमेरिकी डॉलरच्या कागदात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन असतं. म्हणूनच खिशात राहून धुतली गेलेली नोट फाटत नाही, आणि ‘धुतली तरी काही होत नाही’ असा समजही त्यातूनच पसरतो.

या तंतूंवर जिलेटिन किंवा तशाच एखाद्या पदार्थाचा हात दिलेला असतो. त्याला साइझिंग म्हणतात. कोऱ्या नोटेचा ताठपणा, बोटांत धरून हलवल्यावर येणारा करकर आवाज आणि पृष्ठभागावरची मंद झाक ही बरीचशी त्याचीच देणगी. पाण्यात, त्यातही कोमट पाण्यात, ते काही प्रमाणात विरघळून निघून जातं. नोट वाळते तेव्हा स्वच्छ दिसते, पण हाताला जुन्या रुमालासारखी लागते.

दुसरी गोष्ट छपाईची. नोटेवरचं चित्र, नक्षी आणि मुख्य अक्षरं बहुधा इंटाग्लिओ पद्धतीने छापतात. धातूच्या पट्टीवर रेषा खोल कोरलेल्या असतात, त्यांत शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत घुसवतात. शाई कागदावर उंच बसते आणि कागद स्वतःही त्या रेषांच्या आकारात वर येतो. अनुक्रमांक पुष्कळदा वेगळ्या यंत्रावर ठशाने छापलेले असतात. ते कागदात रुततात आणि मागच्या बाजूने हलके उमटलेले दिसतात. नोटेला अशी एक तिसरी मिती असते. पाण्याने तंतू फुगतात, सैल होतात आणि हा उठाव बसू लागतो. वजनाखाली तो चेपला जातो. इस्त्रीत उष्णता आणि दाब दोन्ही एकदम येतात, शिवाय उंच शाईचे माथे घासले जाऊन एक खोटी चकाकी येते.

स्वतः पाहायचं असेल तर खोलीत अंधार करा, दिवा टेबलाच्या पातळीवर ठेवा आणि कोरी नोट उलटी करून त्या तिरप्या प्रकाशात धरा. पुढच्या बाजूच्या अनुक्रमांकांच्या जागी एकेक आकडा सावलीसह दिसेल. मग तीच नोट कोणी धुऊन सपाट केलेली मिळाली तर तीही तशीच धरा. आकड्यांची जागा मुकी झालेली असते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की इस्त्रीकडे हात जात नाही.

३. इस्त्रीने घडी खरंच जाते का?

दिसेनाशी होते, जात नाही. नुसता वाक असेल, म्हणजे कागद वळला पण तंतू शाबूत राहिले, तर तो काळाने आपोआपही सैल होतो. खरी घडी पडते तेव्हा त्या रेषेवरचे तंतू तुटतात आणि वरची शाई झडते. तुटलेला तंतू उष्णतेने जुळत नाही. सपाट केलेली नोट समोरच्या उजेडात छान दिसते, पण तिरप्या प्रकाशात ती रेघ पुन्हा वर येते. भिंगाखाली शाईतली बारीक पांढरी फट दिसते. धुतलेल्या नोटेत तर घडीच्या जागी पांढरट पट्टेच उमटतात, कारण सैल झालेली शाई तिथे आधी सुटते.

म्हणून तीन घड्या असलेली, कोणी हात न लावलेली नोट मी एकही घडी ‘न दिसणाऱ्या’ सपाट नोटेपेक्षा नेहमी वरची मानतो.

४. इस्त्री नको, पण जाड पुस्तकाखाली ठेवली तर चालेल का?

यावर संग्राहकांमध्ये एकमत नाही. कोरडी नोट, घरातलं साधं तापमान, वर हलकं वजन, आणि उद्देश फक्त गुंडाळी सोडवण्याचा, असं असेल तर फारसं बिघडत नाही. तेच काम एखादा चांगला पॉलिएस्टर होल्डर, म्हणजे नोट ठेवायचं पारदर्शक पाकीट, काही महिन्यांत विनासायास करतो. मग पुस्तकाची गरज काय?

नोट आधी वाफेवर धरून किंवा ओल्या टिपकागदात ठेवून मग दाबली की मात्र ती प्रेस केलेली नोट झाली. ओलाव्याने मऊ झालेला कागद वजनाखाली नुसता सपाट होत नाही, उठावही घालवतो आणि कधी कधी मिलिमीटरभर ताणलाही जातो. माझी रेघ सरळ आहे : पाणी, वाफ, उष्णता किंवा भारी दाब यांपैकी काहीही आलं की ती प्रक्रिया. दुमडलेला कोपरा स्वच्छ, कोरड्या बोटाने उलगडून सरळ करणं यात येत नाही. ते खुशाल करा.

५. ग्रेडिंगला पाठवली तर प्रेस केलेली नोट ओळखतात का?

बहुतेक वेळा ओळखतात. ग्रेडिंग म्हणजे नोट तपासून तिला दर्जाचे गुण देणं. हे काम करणाऱ्या तज्ज्ञांसमोर रोज त्याच मालिकेच्या नोटा येत असतात आणि उठाव, झाक, रंग यांची तुलना त्यांना सहज करता येते. पीएमजी आणि पीसीजीएस या दोन्ही ग्रेडिंग सेवा ७० गुणांच्या मोजपट्टीवर नोट तोलतात. त्याशिवाय कागद मूळ अवस्थेत असेल तर पीएमजी ‘ईपीक्यू’ आणि पीसीजीएस ‘पीपीक्यू’ अशी अक्षरं जोडते. पीएमजीकडे ६५ किंवा त्याहून वरचा आकडा ईपीक्यूशिवाय मिळत नाही. त्यामुळे एकही घडी नसलेली कोरी नोट केवळ दाबल्यामुळे ६४ वर अडकू शकते. भावातला मोठा फरक नेमका या उंबरठ्यावर असतो.

हे चिन्ह फक्त कोऱ्या नोटांसाठी नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. घड्या पडलेल्या, वापरलेल्या नोटेचाही कागद अस्पर्श असेल तर तिला ते मिळू शकतं. मोठा दोष असेल तर मात्र नोटेला ‘नेट’ दर्जा मिळतो आणि धुतलेली, दुरुस्त केलेली, कडा कापलेली, तुकडा जोडलेला असा शेरा लेबलावर पडतो. तो शेरा पुढे प्रत्येक खरेदीदार वाचतो.

६. घरच्या घरी धुतलेली किंवा प्रेस केलेली नोट कशी ओळखायची?

एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा जुळल्या तरच संशय पक्का धरा.

आधी तिरपा प्रकाश. कसा धरायचा ते प्रश्न २ मध्ये आहे. मग नोट कडेने धरून अलगद हलवा आणि आवाज ऐका. दिसायला कोरी पण आवाजाला मुकी असलेली नोट बहुधा पाण्यातून गेलेली असते. कडा भिंगाखाली पाहा. छापखान्याच्या पात्याने कापलेली कड स्वच्छ असते, धुतल्यावर तिच्यावर बारीक लव उठते. कोपरे गोलसर पण नोटेचं अंग मात्र शुभ्र, अशी विसंगती दिसली तर थांबा, कारण हातांतून फिरलेल्या नोटेचे कोपरे आणि अंग सोबतच जुने होतात. वास घ्या. साबण, ब्लीच आणि अत्तर कागदात बराच काळ राहतात.

मोजपट्टी विसरू नका. कॅटलॉगमध्ये दिलेल्या मापापेक्षा नोट लांब भरली तर ओली करून दाबल्याची शक्यता असते. आखूड भरली तर झिजलेले कोपरे लपवण्यासाठी कडा कापलेल्या असू शकतात. काही जण करकरीतपणा परत आणायला नोटेला खळही देतात. अशी नोट ताठ असते, पण तो ताठपणा पुठ्ठ्यासारखा असतो. वाकवल्यावर ती लवचीकपणे परत येत नाही आणि कोरलेल्या रेषांमधली जागा भिंगाखाली भरल्यासारखी दिसते.

७. यूव्ही टॉर्चखाली नोट निळसर पांढरी चमकते. म्हणजे ती धुतलेलीच?

शक्यता मोठी, पण खात्री नाही. नोटेचा कागद मुद्दाम असा बनवतात की अतिनील प्रकाशात तो मंद, काळपट दिसावा. कपड्यांच्या साबणात उजळपणा आणणारी रसायनं असतात. ती तंतूंना चिकटतात आणि मग सगळी नोट चमकू लागते. खिशातून धुलाई यंत्रात गेलेल्या नोटेचंही असंच होतं. चमक सगळ्या अंगावर सारखी आहे, की एखाद्या डागापुरती, की फक्त छापलेल्या सुरक्षा-चिन्हांत आणि रंगीत तंतूंत, हे पाहा. शेवटचा प्रकार मुळातला असतो.

उलटही खरं आहे. नुसत्या पाण्याने धुतलेली नोट अजिबात चमकत नाही. दिवा काही दाखवत नाही म्हणून नोट अस्पर्श आहे, असा निष्कर्ष काढू नका.

८. माझ्या कोऱ्या नोटेवर बारीक लहरी दिसतात. ओल लागली असेल का? सपाट करू का?

हात लावू नका. ती लहर बहुधा छपाईतलीच आहे. पूर्वी इंटाग्लिओसाठी कागद ओलावून घेत, म्हणजे तो खाचांत नीट बसे. छपाईनंतर वाळताना जाड शाईचा भाग आणि मोकळा भाग वेगवेगळे आकसत आणि कागदावर हलकी लहर राही. अमेरिकेत १९५७ च्या मालिकेच्या एक डॉलरच्या नोटांपासून कोरड्या छपाईकडे वळायला सुरुवात झाली. त्याआधीच्या नोटांवर ही लहर दिसली तर जाणकार खूश होतात, कारण दाबलेल्या नोटेत सगळ्यात आधी तीच मरते.

ओल लागून आलेली लहर वेगळी असते. ती कडेपासून आत येते, छपाईच्या आकृतीशी जुळत नाही आणि सोबत डागाची पिवळी किनार असते.

९. नोटेवर पेन्सिलने आकडे लिहिलेत. खोडू का?

साफसफाईतला हा सगळ्यात माफ करण्याजोगा प्रकार. सोसायटीच्या निकषांतही म्हटलं आहे की गोंद, टेप किंवा पेन्सिलची खूण नीट काढता आली, तर एखादा दोष न लपवता नोटेचं रूप सुधारतं आणि दर्जाही सुधारू शकतो. पण सगळा भार ‘नीट’ या शब्दावर आहे. खोडरबर हे घासण्याचंच साधन. जोर लावला की त्या जागी तंतू उभे राहतात आणि मळक्या नोटेवर एक पांढरा चट्टा तयार होतो. तो पेन्सिलपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. आकडे कोऱ्या पांढऱ्या जागेत असतील, रेघ कागदात रुतलेली नसेल आणि मऊ, पांढरं, ताजं रबर असेल, तरच एका दिशेने हलके हात फिरवा. छपाईवर मुळीच नाही. माझं मत विचाराल तर बँकेतल्या मोजणीचे पेन्सिलचे आकडे राहू द्यावेत.

१०. नोटेला चिकटपट्टी लावलेली आहे. कशी काढू?

साधारण नोट असेल तर काढू नका. जुन्या पट्टीचा चिकट पदार्थ वर्षानुवर्षं कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि कागद अर्धपारदर्शक करतो. वरचं प्लॅस्टिक सुटलं तरी तो डाग राहतोच. ओढून काढली तर इंटाग्लिओची शाई आणि कागदाचा वरचा थर पट्टीसोबत येतो. केस सुकवण्याच्या यंत्राने गरम करून सोडवण्याचा उपाय बरेच जण सांगतात. त्याने चिकट पदार्थ पातळ होऊन आणखी खोल जातो.

नोट खरोखर मोलाची असेल तर कागद-संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे न्या. योग्य द्रावक, टिपकागद आणि संयम यांनी पट्टी उतरते. काढल्यावर खालची फाट उघडी पडेल, याची तयारी ठेवा. ते बरंच झालं म्हणायचं, कारण फाट मुळात तिथेच होती.

११. टाचणीच्या आणि स्टेपलच्या छिद्रांचं काय? गंजाचे डाग पडलेत.

छिद्र बुजवू नका. तंतू भरून बुजवलेलं छिद्र उजेडासमोर लगेच कळतं आणि मग साध्या दोषाची ‘दुरुस्ती’ होते. जिथे नव्या नोटांची बंडलं बँकेतच स्टेपल होत असत, तिथल्या कोऱ्या नोटांना ती छिद्रं असणारच. ग्रेडिंगमध्येही ती नोट वितरित होतानाचीच आहेत अशी वेगळी नोंद होते. पिन अजून टोचलेली असेल तर तिचे पाय सरळ करून अलगद काढा, कारण गंज वाढत राहतो. गंज पडून गेला असेल तर तो काढणारी आम्लं कागदही खातात. तो तसाच राहू द्या.

१२. शाईचे, तेलाचे डाग ब्लीच, लिंबू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने निघतात असं ऐकलंय.

डागही निघतो आणि नोटही जाते. ब्लीच कापसाच्या तंतूंनाच तोडतं. त्याचा अंश कागदात राहिला की पुढची कित्येक वर्षं तो कागद ठिसूळ होत जातो. लिंबातलं आम्ल आणि साखर दोन्ही मागे उरतात. पेरॉक्साइडने डागाभोवतीचा रंग उडतो. शिवाय काही नोटांच्या पार्श्वभूमीची शाई मुद्दामच रसायन लागताच फुटेल किंवा उडेल अशी बनवलेली असते, म्हणजे कोणी आकडा खोडून बदल करू गेलं तर कळावं. अशा नोटेवर एक थेंब पुरतो.

१३. हाताने सही केलेली, शिक्का मारलेली किंवा तिकीट चिकटवलेली नोट असेल तर?

इथे पाणी म्हणजे सर्वनाश. जुन्या काळी बँक अधिकारी नोटांवर दौतीच्या शाईने सह्या करत. त्या शाईची रेघ पाण्यात पसरते. कित्येक रबरी शिक्क्यांची जांभळी आणि लाल शाईही तशीच.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य फुटलं, तेव्हा नव्या देशांनी जुन्याच नोटा आपल्या म्हणून चालवल्या. चेकोस्लोव्हाकियाने १९१९ मध्ये त्यांवर टपाल तिकिटासारखी छोटी तिकिटं चिकटवली. ती तिकीट लावलेली नोट हीच चेकोस्लोव्हाकियाची नोट. मळ काढायला भिजवली, तिकीट सुटलं, की हातात उरते साम्राज्याची एक साधी जुनी नोट आणि एक सुटं तिकीट. जर्मनीत बिएलेफेल्ड शहराने महायुद्धानंतरच्या टंचाईत रेशमी कापडावर आपत्कालीन नोटा छापल्या. कापड दिसतं म्हणून त्या धुवायचा मोह होतो. त्यांचे रंगही पाण्यापासून दूरच ठेवावेत.

‘घाण’ दिसणारं लिखाण नोटेपेक्षा मोलाचंही असू शकतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिक आणि वैमानिक सोबत्यांच्या सह्या एकाच नोटेवर घेत, जागा संपली की दुसरी नोट तिला चिकटवत. या ‘शॉर्ट स्नॉर्टर’ नोटांवरच्या सह्या, तारखा आणि मधली पिवळी पडलेली चिकटपट्टी, हे सगळं मिळून ती वस्तू बनते.

१४. पॉलिमरच्या नोटा तर प्लॅस्टिकच्या. त्या धुवायला काय हरकत?

ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये आणलेल्या नोटेपासून हा प्रकार पसरला. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फिल्मवर छापतात. पाण्याने फिल्मचं काही बिघडत नाही, पण पुसताना वरच्या थरावर सूक्ष्म ओरखडे पडतात आणि पारदर्शक खिडकी धुरकट होते. ॲसिटोनसारखी द्रावकं शाईच उतरवतात. इस्त्री तर कल्पनेतही आणू नका. ही फिल्म उष्णतेने आकसते, सुरकुतते आणि नोट लहान होऊन वाकडी होते. पॉलिमरवर पडलेली पक्की घडी कागदापेक्षाही हट्टी असते. ती जन्मभराची समजा.

यांच्याआधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, हैती आणि कोस्टा रिकाने टायव्हेक या प्लॅस्टिकच्या तंतूंच्या, कागदासारख्या पदार्थावर नोटा छापल्या होत्या. टायव्हेकवर शाई नीट धरत नसे, म्हणून त्या नोटा पुसल्या तर छपाईच फासली जाते.

१५. घरात पाणी शिरून सगळा संग्रह भिजला. आता तरी पाणी वापरावंच लागेल ना?

ही साफसफाई नाही, बचाव आहे. नोटा एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका. प्लॅस्टिकच्या होल्डरमधून अलगद बाहेर काढा, शाई न छापलेल्या पांढऱ्या टिपकागदांमध्ये एकेक पसरा आणि कागद बदलत राहा. हवा खेळती ठेवा. ऊन आणि केस सुकवण्याचं यंत्र दोन्ही टाळा. चिखल असेल तर पूर्ण वाळू द्या आणि मग मऊ कुंचल्याने झटका. ओला चिखल पुसला तर तो तंतूंत शिरतो. सगळ्या नोटा एका दिवसात हाताळणं शक्य नसेल तर उरलेल्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. त्याने बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. पुढे विकताना नोट भिजली होती हे सांगा.

१६. नोटांवर बुरशीचे ठिपके दिसतात.

त्या नोटा आधी इतरांपासून वेगळ्या करा. कोरड्या हवेत ठेवून बुरशी भुकटीसारखी झाली की नाका-तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने काढा. उरलेला तपकिरी ठिपका तसाच राहील. डेटॉल, स्पिरिट, अत्तर काही लावू नका. डांबराच्या गोळ्याही नकोत.

१७. संग्रहालयांत तर जुने कागद धुतात. मग आम्हीच का नाही?

प्रश्न रास्त आहे. संवर्धक कागद धुतात तेव्हा त्यांचा उद्देश तो टिकवण्याचा असतो. आम्ल वाढून कागद झडायला लागला असेल तर ते शुद्ध केलेलं पाणी वापरतात, त्यात कॅल्शियमची संयुगं मिसळतात, आधी प्रत्येक शाईची कोपऱ्यात चाचणी घेतात, लागलं तर नवं साइझिंग देतात आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद ठेवतात. त्या कागदाचा दर्जा कोणी ६४ की ६५ असा मोजत नाही. आपल्याकडची बहुतेक नोट कापसाच्या कागदाची, घट्ट आणि धडधाकट असते. तिला फक्त मळ लागलेला असतो, आणि मळाने ती मरत नाही.

१८. नोट फारच दुर्मीळ असेल तरीही हेच नियम?

नियम तेच, पण बाजाराची सहनशक्ती वाढते. चीनमध्ये मिंग राजघराण्याच्या काळात, १३७५ पासून, तुतीच्या सालीच्या कागदावर छापलेल्या नोटा निघाल्या. त्यांची मोठी नोट साधारण ३४ सेंटिमीटर लांब आणि २२ सेंटिमीटर रुंद होती. ती घडी न करता बाळगताच येत नसे. अशा नोटेकडून कोऱ्या कागदाची अपेक्षा कोणी धरत नाही. तिला मागून आधार दिलेला असला, फाट सांधलेली असली तरी ती संग्रहात मानाने बसते. पण तिथेही हे काम जाणत्याने केलेलं असावं, उलट करता येण्याजोगं असावं आणि घोषित असावं.

१९. मी अजाणता नोट इस्त्री केली आहे. ती पुन्हा पहिल्यासारखी होईल का?

नाही. दमट हवेत ठेवून उठाव परत येतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खळ देऊन ताठ करणं म्हणजे एका दोषावर दुसरा. नोट आहे तशी होल्डरमध्ये ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलने ‘प्रेस केलेली’ असं लिहा. बाजारात दुर्मीळ असलेली नोट प्रेस केलेली असली तरी तिला घेणारा मिळतो.

२०. विकताना सांगणं बंधनकारक आहे का? आणि मला फसवून विकली गेली तर?

सांगायलाच हवं. ‘कोरी’ म्हणून विकलेली नोट धुतलेली निघाली तर खरेदीदाराचा नुसता पैसा जात नाही, त्याचा या छंदावरचा विश्वासही जातो. ‘मी स्वतः काही केलं नाही, पण उठाव कमी वाटतो’ इतकं प्रामाणिक वाक्यही पुरेसं असतं.

खरेदी करताना तिरप्या प्रकाशातला फोटो आणि मागच्या बाजूचा फोटो मागा. स्कॅनरवर उठाव दिसत नाही, म्हणून फक्त स्कॅन पाहून महाग कोरी नोट घेऊ नका. परत करण्याची मुदत आधी लेखी ठरवा आणि नोट हाती आली की त्याच दिवशी प्रश्न ६ मधल्या तपासण्या करा.

२१. काहीच करायचं नाही, तर मग नोट जपायची कशी?

पॉलिएस्टरच्या होल्डरमध्ये. बाजारात तो मायलार किंवा मेलिनेक्स या नावांनी ओळखला जातो. हा पदार्थ नोटेशी कसलीही प्रक्रिया करत नाही. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून मात्र काही वर्षांनी तेलकट द्रव सुटतो आणि नोट चिकट होते. जुने अल्बम असतील तर आजच नोटा बाहेर काढा.

होल्डर नोटेपेक्षा थोडा मोठा असावा, नाहीतर आत सरकवतानाच कोपरा दुमडतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नोट कडांनी धरा. ऊन, स्वयंपाकघराची वाफ, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट या जागा टाळा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. कोरडेपणासाठी सिलिका जेल वापरत असाल तर ते वेळोवेळी बदला.

२२. लॅमिनेट करून ठेवली तर कायमची सुरक्षित राहील ना?

लॅमिनेशनमध्ये गरम रोलरखाली प्लॅस्टिकचा चिकट थर कागदात वितळून मुरतो. उष्णता, दाब आणि गोंद ही तिन्ही संकटं एकाच वेळी येतात आणि ती नोट पुन्हा सोडवता येत नाही. वारशाने अशी नोट आली असेल तर प्लॅस्टिक कापायचा प्रयत्न करू नका, आहे तशी आठवण म्हणून ठेवा. संग्रहासाठी त्याच मालिकेची, चार घड्या पडलेली का असेना, पण कोणी हात न लावलेली दुसरी नोट शोधा.